कोकम सरबत टिकत नाही? आधी शोधायला शिका!

व्हिडिओत घाईत सांगितलं, ते इथे नीट लिहून देतोय.

माझी कोकम सरबताची पहिली खेप तिसऱ्या आठवड्यातच फसफसली. दुकानाच्या शेल्फवरून बाटल्या स्वतः उचलून फेकल्या. नंतर कळलं, नेमक्या याच विषयावर विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहून ठेवलेत, आणि बरेचसे फुकट वाचता येतात.

कुठे शोधायचं? ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएचडी प्रबंध आहेत. ‘कृषिकोश’वर कृषी विद्यापीठांचे प्रबंध मिळतात. कोकमासाठी आपलं दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहेच.

कसं शोधायचं? ‘कोकम सरबत बिझनेस’ टाकून काही हाती लागत नाही, कारण संशोधक असं लिहीतच नाहीत. मग असं करा:

1. प्रश्नाचे तीन तुकडे पाडा: फळ, पदार्थ, अडचण.

2. प्रत्येक तुकड्याची दुसरी नावं इंग्रजीत लिहून काढा. कोकमाचं शास्त्रीय नाव ‘गार्सिनिया इंडिका’, हे विसरू नका. सरबतासाठी सिरप, स्क्वॅश, आरटीएस म्हणजे रेडी टू सर्व्ह. टिकण्यासाठी शेल्फ लाइफ, स्टोरेज.

3. एकाच तुकड्यातली नावं ‘ऑर’ने जोडून कंसात टाका, वेगवेगळे तुकडे ‘अँड’ने जोडा. ‘ऑर’ जाळं मोठं करतो, ‘अँड’ लहान. दोन शब्द एकत्रच हवे असतील तर अवतरण चिन्हात टाका.

4. काहीच आलं नाही? एक तुकडा काढा. शेकड्यांनी आलं? एक वाढवा.

प्रबंध जाडजूड असतो, घाबरू नका. आधी सारांश, मग ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ वाचा. साखर किती, आम्लता किती, बाटली किती तापमानाला भरली, सगळं तिथेच. शेवटची संदर्भसूची म्हणजे पुढच्या शोधाचा आयता पत्ता. पूर्ण मजकूर उघडला नाही तर निदान सारांश वाचा.

एक लक्षात ठेवा: प्रबंधातली कृती म्हणजे तुमच्या मालाची गॅरंटी नाही. छोटी खेप करा, लॅबमधून तपासून घ्या, एफएसएसएआय नोंदणी करा, मगच विका.

आज रात्री तुमच्या मालाचे तीन तुकडे वहीत लिहा. एक तास शोधण्यात गेला तरी चालेल, खेप वाया जायला नको!