दुमजली पलंग, भिस्त भिंतीवर

दहा बाय दहा फुटांच्या खोलीत सहा बाय तीनचे दोन पलंग टाकले, की १०० पैकी ३६ चौरस फूट संपले. तेच पलंग एकावर एक चढवले तर १८ चौरस फुटांत काम भागतं आणि अभ्यासाचं टेबल, कपाट नि दाराची उघडझाप यांना जागा उरते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये मुलांच्या खोलीत बंक बेड येतो तो या हिशेबाने. चाळीतल्या घरांनी हाच प्रश्न पोटमाळा काढून सोडवला होता. पोटमाळा मात्र मुळातच भिंतीच्या आधाराने उभा असे. बंक बेड खोक्यांतून सुटा येतो, दोन-तीन तासांत उभा राहतो, आणि अनेक घरांत भिंतीला न जोडताच वापरात येतो.

‘जड आहे, कुठे हलतोय?’ हे उत्तर फिटरकडून ऐकायला मिळतं. पण वजन म्हणजे स्थिरता नव्हे. साधारण साडेपाच फूट उंच आणि तीन फूट रुंद अशा या सांगाड्यावर रात्री मुलाचं आणि गादीचं वजन असतं ते वरच्या भागात. मूल शिडीवरून चढतं तेव्हा त्याचा भार पलंगाच्या पायांच्या बाहेर पडतो आणि पलंग त्या बाजूला ओढला जातो. अशी ओढाताण दिवसातून दहा वेळा होते. सगळा ताण बोल्टांच्या जोडांवर येतो, जोड सैल होतात, सैल जोडांमुळे झोके वाढतात आणि वाढलेले झोके जोड आणखी सैल करतात. भिंतीला मारलेले दोन अँगल हे चक्र थांबवतात.

धोका किती खरा आहे, याचा अंदाज अमेरिकेतल्या नोंदींवरून येतो. १९९० ते २००५ या काळातल्या तिथल्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बंक बेडशी संबंधित दुखापतींसाठी दर वर्षी सरासरी सुमारे ३६ हजार मुलं आणि तरुण रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आले होते. बहुतेक जण पडून जखमी झाले होते आणि जखमींपैकी जवळपास निम्मी मुलं सहा वर्षांखालची होती. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, हा इशारा अमेरिकेत आणि युरोपात पलंगावरच छापलेला असतो.

पडण्याहून भयंकर प्रकार अडकण्याचा. लहान मुलाचं धड अरुंद फटीतून सरकतं, पण डोकं धडापेक्षा मोठं असल्याने मागे राहतं आणि मूल गळ्यावर लटकतं. अमेरिकेने १९९९ मध्ये बंक बेडसाठी सक्तीचे नियम केले ते मुख्यतः अशा मृत्यूंमुळे. त्यानुसार वरच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, भिंतीकडचा कठडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हवा, आणि कठड्यातली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी असू नये. ‘भिंत आहेच, मग कठडा कशाला?’ असं म्हणून सुतार जो कठडा गाळतो, तोच या नियमात सलग मागितला आहे. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये बंक बेडसाठी आयएस १७६३६ हे स्वतंत्र मानक आणलं. खरेदी करताना त्याबद्दल दुकानदाराला जरूर विचारावं.

जोडणीची सुरुवात मोजणीपासून करावी. खोकी ज्या खोलीत पलंग राहणार तिथेच उघडावीत, कारण उभा केलेला पलंग दारातून जात नाही. पाय, बाजूच्या पट्ट्या, कठडे, शिडी आणि आडव्या फळ्या वेगळ्या मांडून बोल्ट लांबीप्रमाणे लावून घ्यावेत. दिसायला सारख्या बोल्टांत सेंटिमीटरभराचा फरक असतो. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो घट्ट वाटतो, पण आतला जोड उघडाच राहतो.

सगळे बोल्ट आधी हातानेच अर्धवट फिरवून ठेवायचे. मग टेपने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही मापं सारखी आली, की सांगाडा काटकोनात आहे. त्यानंतर एलन की घेऊन आलटूनपालटून समोरासमोरचे बोल्ट आवळायचे. घाईपोटी ड्रिल मशिनने बोल्ट आवळले, तर पार्टिकल बोर्डमधले आटे उखडतात आणि तो जोड पुन्हा कधीच पकड घेत नाही. गादीखालची प्रत्येक फळी स्क्रूने बसवावी. सुटी फळी सरकली तर वरची गादी खालच्या मुलावर येते.

सुताराकडून प्लायवूडचा पलंग करून घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू पृष्ठभागात मारलेल्या स्क्रूइतका धरत नाही. म्हणून पाय आणि आडव्या पट्टीचा जोड केवळ खिळे आणि फेविकॉलवर न सोडता आरपार बोल्ट किंवा आतून लोखंडी अँगल लावून घ्यावा.

आता भिंत. भोक पाडताना बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग पाहिला, की पुढचं काम ठरतं. लाल भुकटी आली तर वीट. कोकणात आणि गोव्यात ती जांभ्याच्या चिऱ्याचीही असू शकते. सलग करडी, कष्टाने निघणारी भुकटी म्हणजे काँक्रीट, नव्या टॉवरमधल्या बऱ्याच भिंती अशाच असतात. पांढुरकी, पिठासारखी आणि सहज येणारी भुकटी म्हणजे एएसी ब्लॉक, ज्यांना पुण्याकडे बरेच जण सिपोरेक्सच म्हणतात.

जुने सुतार भिंतीत लाकडी गिट्टी ठोकत. १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा प्लग आणला. स्क्रू आत जातो तसा तो फुगतो आणि भोकाच्या कडांना दाबून धरतो. फुगायला भोवतालची जागा भक्कम हवी. गिलाव्याचा थर अर्ध्या इंचाच्या आसपास असतो आणि तो भार घेत नाही, म्हणून प्लग गिलावा ओलांडून विटेत बसला पाहिजे. त्यासाठी अडीच-तीन इंची स्क्रू लागतो. आठ मिलिमीटरच्या प्लगला आठचाच बिट घ्यावा, भोक प्लगपेक्षा सेंटिमीटरभर खोल करावं आणि आतली भुकटी फुंकून काढावी. दोन विटांमधल्या सांध्यात बिट गेला, तर जागा बदलावी. काँक्रीटला हॅमर ड्रिल लागतं. एएसी ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवून त्या ब्लॉकसाठीचे खास प्लग वापरावेत, नाहीतर भोक रुंदावून प्लग फिरत राहतो. जिप्सम बोर्डच्या पार्टिशनवर नुसत्या बोर्डात स्क्रू मारणं व्यर्थ आहे. मागची धातूची पट्टी शोधावी किंवा दुसरी भिंत निवडावी.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली वायरिंग असण्याची शक्यता असते आणि बाथरूमच्या सामाईक भिंतीत नळ असतात, तिथे ड्रिल लावू नये. अँगल वरच्या पलंगाच्या उंचीवर, दोन्ही टोकांच्या पायांना लावावेत. पलंग कोपऱ्यात असेल तर तिसरा अँगल शेजारच्या भिंतीत मारता येतो. स्कर्टिंगमुळे पाय भिंतीपासून थोडे दूर राहतात. तिथे त्याच जाडीची लाकडी पट्टी भरावी. स्क्रू आवळून पलंग भिंतीकडे ओढला तर सांगाडा पिळतो. युरोपच्या मानकानुसार वरचा पलंग आणि भिंत यांतलं अंतर साडेसात सेंटिमीटरपेक्षा कमी तरी असावं किंवा २३ सेंटिमीटरपेक्षा जास्त तरी. मधलं अंतर अडकण्याचं.

इतकं केल्यावर चूक होते ती गादीच्या दुकानात. कठडा गादीच्या वर किमान पाच इंच उरावा, असा अमेरिकेचा नियम आहे. फळ्यांपासून ११ इंच उंच कठडा असेल, तर चार इंची गादीवर तो सात इंच उरतो आणि आठ इंची स्प्रिंगच्या गादीवर जेमतेम तीन. आपल्याकडे सिंगल गाद्या ७२, ७५ आणि ७८ इंच अशा लांबीत मिळतात; आखूड गादी घेतली तर पायथ्याशी फट राहते.

भारतीय खोलीत आणखी एक धोका डोक्यावर फिरत असतो. वरची गादी जमिनीपासून पाच फुटांवर आणि मूल चार फुटांचं धरलं, तर उभ्या मुलाचं डोकं नऊ फुटांवर जातं. नऊ फुटी छताखाली पंख्याची पाती त्याहून खाली असतात. पलंग पंख्याच्या घेराबाहेर ठेवावा, ते जमत नसेल तर पंखा काढून भिंतीवरचा लावावा. कठड्याला ओढणी, दोरी किंवा झोका बांधू देऊ नये.

भाड्याच्या घरात भोकं पाडायला मालक नाखूश असतो. दोन-चार भोकं घर सोडताना पुट्टीने बुजतात, हे सांगून परवानगी घ्यावी. ती नाहीच मिळाली, तर खालच्या पलंगातून दुसरा बाहेर ओढायचा प्रकार घ्यावा.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पहिला महिना झाल्यावर आणि पुढे दर सहा महिन्यांनी सगळे बोल्ट आवळावेत. आणि पहिल्याच दिवशी, फिटरच्या कागदावर सही करण्याआधी, त्याच्यासमोर वरचा कठडा धरून पलंग जोरात हलवून पाहावा. पलंग आणि भिंत यांच्यात हालचाल दिसली, तर काम अर्धवट आहे; ते पुरं होईपर्यंत मुलांना वर चढू देऊ नका.