मधुमालती फुलत का नाही?

आजचा भाग एका वेलीबद्दल. मधुमालती.

गावचं घर विकलं, त्या दिवशी आजीच्या अंगणातल्या मधुमालतीची एक काडी मी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. गॅलरीतल्या कुंडीत ती रुजली, ग्रिलवर चढली, पण दोन वर्षं एक फूल नाही! आता ते अंगण तर राहिलं नाही, त्यामुळे ही वेल गेली असती तर दुसरी काडी आणायची कुठून?

चूक माझीच होती. एक नाही, तीन.

पहिली, ऊन. मधुमालती सावलीत जगते, पण फुलत नाही. तिला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. माझी कुंडी भिंतीच्या आडोशाला होती.

दुसरी, खत. फुलं येत नाहीत म्हणून मी युरिया घालत गेलो. युरिया म्हणजे नुसतं नायट्रोजन. पानं हिरवीगार, फुलांचा पत्ता नाही. आता फक्त शेणखत घालतो, तेही बेताने.

तिसरी सगळ्यात मोठी, छाटणी. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "अरे, तुझी वेल आमच्या खिडकीत येते." मग मी दर पंधरा दिवसांनी शेंडे कापायचो. आणि मधुमालतीचे घोस येतात ते नव्या फुटीच्या टोकाला! म्हणजे कळ्या धरायच्या आतच मी त्या कापून टाकत होतो.

मग काय केलं? फेब्रुवारीत एकदाच चांगली छाटणी केली आणि नंतर कात्री ठेवून दिली. लोंबणाऱ्या फांद्या कापायच्या नाहीत, ग्रिलला सुतळीने बांधायच्या. काकूही खूश. फक्त बांधताना जपून, पानं गळल्यावर देठाचा उरलेला भाग काट्यासारखा टोचतो.

आता गंमत ऐका. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. म्हणून एकाच घोसात तीन रंग दिसतात. पांढरा रंग आणि रात्रीचा वास असतो पतंगांसाठी. फुलाची नळी दोन-अडीच इंच लांब, तळाशी मध, तिथवर त्यांचीच सोंड पोचते. या वेलीचं जुनं शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस, लॅटिनमध्ये अर्थ साधारण 'कोण? कसा?' रंग बदलणाऱ्या वेलीला शोभतं की नाही!

यंदा मे महिन्यात पहिला घोस आला. मी आजीला व्हिडिओ कॉल लावला. ती बराच वेळ नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "वास येतोय रे मला."

तुमची वेल रुसली असेल तर उपटायच्या आधी तीन गोष्टी बघा: ऊन, खत, कात्री. आणि जुन्या घराच्या अंगणात एखादी वेल असेल, तर काडी आजच आणून लावा. दोन कुंड्यांत लावा, म्हणजे एक गेली तरी एक राहील.

भेटू पुढच्या भागात!