दमलेल्या आवाजातली गोष्ट

“दिवसभर रानात राबल्यावर गोष्टी कोण सांगायलंय? मोबाईल दिला की गप झोपायलंय लेकरू.”

कंधारच्या बसस्थानकावर, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही तोंडपाठ झालंय. सोयाबीनची रास करून आलेल्या किंवा नांदेडहून शेवटच्या एसटीनं उतरलेल्या आईबापाचा थकवा खोटा नाही. खोटा आहे तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

आधी मोबाईलचं बघू. लेकरू त्यानं गप बसतं, झोपत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं. झोप आणणारं मेलाटोनिन जवळजवळ 88 टक्क्यांनी घटलं. तो उजेड मोबाईलपेक्षा बराच जास्त होता, हे मान्य. पण लहान डोळे रात्रीच्या उजेडाला किती हळवे असतात, ते त्यातून कळतं. जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून सांगतेय: दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाकाठी फार तर एक तास.

आता खरा गैरसमज: दमलेल्या माणसाजवळ लेकराला द्यायला काही उरत नाही. अहो, झोपताना लेकराला लागतं काय? मंद दिवा, हळू आवाज, संथ बोलणं, रोज तेच ते. दमलेल्या माणसाला नेमकं एवढंच जमतं! नाचून दाखवा, आवाज बदलून सोंगं काढा, असं कुणी म्हटलंय? 2009 मध्ये संशोधक जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी 405 आयांचा अभ्यास केला. काही जणींनी दोन आठवडे रोज त्याच क्रमानं अंघोळ, मालिश आणि मग शांतपणे जवळ घेणं, एवढंच केलं. त्यांची मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली आणि आयांची मनःस्थितीही सुधारली.

“पण रोज तीच गोष्ट?” हो, तीच. संशोधक जेसिका हॉर्स्ट यांच्या 2011 च्या प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, तेव्हा त्यातले नवे शब्द त्यांच्या जास्त लक्षात राहिले. वेगवेगळ्या गोष्टींतून तेच शब्द ऐकणारी मुलं मागे पडली.

आमच्या शेजारचा एक बाप चिऊ-काऊ सांगता सांगता पेंगतो. परवा त्याचा काऊ दार वाजवायचं सोडून “सुट्टे पैसे द्या” म्हणाला. चार वर्षांची पोरगी ताडकन उठून बसली. “बाबा, आधी दार! चिऊ बाळाला अंघोळ घालायलीय!” ही तिची तक्रार नव्हती, गोष्टीवरचा हक्क होता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

“तान्ह्याला काय कळतंय?” नवजात बाळ आईचा आवाज ओळखतं, हे 1980 मध्येच दाखवून झालंय.

“उशिरापर्यंत खेळवलं की गाढ झोपतं.” उलट चिडतं. तीन-चार वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप लागते.

“सर्दीचं औषध पाजलं की शांत.” ते झोपेचं औषध नव्हे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा छापायला 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनीच सांगितलंय.

“हे बायकांचं काम.” गोष्ट सांगायला जीभ लागते, पदर नाही.

“संध्याकाळी ओरडलो, आता काय जवळ घ्यायचं?” आताच घ्यायचं. रुसवा काढल्याशिवाय लेकराला झोपवू नये.

“आणि मलाच आधी झोप लागली तर?” लागू द्या. उद्या पुढची सांगा. कुठं थांबली होती, ते लेकराला विचारा.