समुद्रशैवालांचे जिवाणुरोधक गुण : प्रयोगशाळा आणि औषधालय यांतील अंतर

समुद्रशैवालांच्या अर्कांत जिवाणूंची वाढ रोखणारी द्रव्ये असतात, हे देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी वारंवार दाखविले आहे. खाडीचा शेजार लाभलेल्या पेण व रोहा तालुक्यांतील वैद्य आणि औषधनिर्माते यांच्या मनात त्यामुळे एक प्रश्न उद्भवणे स्वाभाविक आहे. दाराशी असलेले हे द्रव्य आपण का वापरू नये? या प्रश्नाचा आम्ही येथे क्रमाने विचार करीत आहोत.

प्रथम शास्त्रातील स्थान पाहू. निघंटूंतील ‘शैवाल’ अथवा ‘जलनीली’ हे सामान्यतः गोड्या पाण्यातील द्रव्य मानले जाते. समुद्रफेन तर माकुळीवर्गीय प्राण्याच्या अंगातील कवच होय. म्हणून समुद्रशैवाल हे अनुक्त द्रव्यच समजले पाहिजे. जगात अनौषधी असे काही नाही, हे चरकाचार्यांचे प्रतिपादन आपण नेहमी सांगतो. परंतु युक्ती आणि प्रयोजन यांची अट त्यातच अंतर्भूत आहे, याचे विस्मरण होऊ नये.

घटकद्रव्ये

समुद्रशैवालांचे हिरवी, तपकिरी व लाल असे तीन वर्ग मानतात. सरगॅसम, पडिना यांसारख्या तपकिरी शैवालांत फ्लोरोटॅनिन असतात. टॅनिन म्हटले की वैद्यांना हरीतकी व बाभूळ आठवतील. रासायनिक घडण निराळी असली, तरी प्रथिनांना बांधून ठेवण्याचा धर्म समान आहे. जिवाणूंवरील परिणामाचे एक कारण हेच मानले जाते. लाल शैवालांपैकी काहींमध्ये ब्रोमीन व क्लोरीनयुक्त संयुगे आढळतात. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया पल्क्रा या लाल शैवालातील फ्युरॅनोन संयुगे जिवाणूंचे परस्परांतील रासायनिक संकेतच बिघडवितात. हिरव्या कॉलर्पामध्ये कॉलर्पेनाइन हे टर्पीनवर्गीय द्रव्य असते.

या वर्गाची सर्वांत जुनी देणगी मात्र आपल्या व्रणोपचाराच्या टेबलावरच आहे. १८११ मध्ये बर्नार्ड कूर्त्वा यांना आयोडीन सापडले, ते समुद्रशैवालाच्या राखेतूनच.

परीक्षेचा अर्थ

जिवाणू पसरलेल्या थाळीत अर्क ठेवून भोवती किती अंतरापर्यंत वाढ होत नाही, हे मोजणे ही प्रचलित परीक्षा होय. असा अर्क बहुधा मेथॅनॉल, ॲसिटोन अशा द्रावकांत काढलेला असतो. त्यांत उतरणारे द्रव्य आपल्या जलीय क्वाथात उतरेलच असे नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर अनेकदा चांगला परिणाम दिसतो. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचे बाह्य आवरण अनेक द्रव्यांना अडवते. आणखी एक गंमत अशी की, ज्या अगरवर हे जिवाणू वाढवितात, तो अगरदेखील जेलिडियमसारख्या लाल शैवालापासूनच मिळतो! म्हणजे ‘शैवाल’ एवढ्या नावावरून जिवाणुरोधक गुण ठरत नाही. जाती, ऋतू, स्थान व निष्कर्षणविधी यांवर तो अवलंबून असतो. शिवाय थाळीतील परिणाम म्हणजे रुग्णावरील परिणाम नव्हे.

आपल्या परिसराची स्थिती

देशविचार येथे सर्वाधिक महत्त्वाचा आहे. पेणकडील धरमतर खाडीचे काठ चिखलाचे, खारबंदिस्तीचे व तिवरांचे. तेथे तंतुमय हिरवे शेवाळ आढळते. तपकिरी व लाल जातींना कातळ लागतो, म्हणून त्या कोर्लई, मुरूड अशा उघड्या किनाऱ्यावर शोधाव्या लागतात. पावसाळा संपल्यावर त्यांची वाढ जोमाने होते. कुंडलिका नदी रोह्यावरून वाहत रेवदंडा-कोर्लईपाशी समुद्राला मिळते. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक क्षेत्रात रासायनिक कारखाने आहेत आणि तेथील सांडपाणी प्रक्रियेनंतर याच नदीच्या खाडीत सोडले जाते. धरमतर खाडीतही औद्योगिक धक्के व मालवाहू बार्जेसची वर्दळ आहे.

तपकिरी शैवालांच्या पेशीभित्तीतील अल्जिनेट शिसे, कॅडमियम यांसारखे धातू धरून ठेवते. पाणी शुद्ध करण्यासाठी जो गुण, तोच औषधासाठी दोष! वनस्पतिज द्रव्यांसाठी आयुर्वेदिक फार्माकोपियाने शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम अशा मर्यादा घातल्या आहेत. सरगॅसमच्याच कुळातील हिजिकी हे जपानी शैवाल त्यातील आर्सेनिकमुळे खाऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये दिला होता. आयोडीनचे आधिक्य थायरॉइडच्या रुग्णास बाधक ठरू शकते, हेही ध्यानात घ्यावे.

व्यवहारातील पथ्य

औषधनिर्मात्यांसाठी कायद्याची मर्यादा स्पष्ट आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदिक पेटंट वा प्रोप्रायटरी औषधातील घटक पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांत उक्त असले पाहिजेत. संशोधनाचा अहवाल त्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून आमचे मत असे : खाडीकाठचे शेवाळ गोळा करून चूर्ण, लेप वा क्वाथात मुळीच वापरू नये. ज्यांना अभ्यास करावयाचा आहे त्यांनी स्वच्छ कातळकिनारा निवडावा, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून जाती निश्चित करून घ्यावी, नमुना कोठून व कोणत्या ऋतूत घेतला याची नोंद ठेवावी आणि जड धातूंची परीक्षा आधी, जिवाणुरोधक परीक्षा नंतर करावी. रस, वीर्य, विपाक यांचा निश्चय त्यापुढचा. हा मार्ग लांबचा आहे; परंतु रुग्ण आपल्यावर विश्वास ठेवून पुडी उघडतो, तेव्हा तिच्यात काय आहे हे आपणास निश्चित ठाऊक असलेच पाहिजे.