शिरवाळ्यांना दोन माणसं

मुंबईहून निघताना दोन दिवसांचा बेत कागदावर पक्का होता. पहिल्या दिवशी वालावल, धामापूर, पिंगुळी. दुसऱ्या दिवशी मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला. जेवण वाटेत कुठंतरी उरकायचं होतं. उतरायच्या घरी फोन करून शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसात खायच्या तांदळाच्या शेवया, मिळतील का, असं विचारलं, तर काकी म्हणाल्या, "शिरवाळ्यांक दोन माणसां व्हयी. मी एकटी." त्या एका वाक्यावर मी पिंगुळी खोडली आणि सकाळ स्वयंपाकघराला दिली.

तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळली, गोळे उकळत्या पाण्यात सोडले. गोळे वर तरंगले की खरी घाई. गोळा गरम आहे तोवरच दाबायचा. निवला की घट्ट होतो. लाकडी शेवग्यात, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यात, गोळा घालून मी सगळा भार दिला. खाली काकी ताटली फिरवत पांढरीशुभ्र तार झेलत होत्या. चौथ्या गोळ्याला माझे खांदे भरून आले. एरवी त्यांच्या सोबतीला जाऊबाई असत. त्या आता मुंबईत. दोन माणसं लागतात आणि घरात एकच उरलंय, म्हणून पदार्थ मागं पडतो.

नारळाच्या रसात गूळ विरघळला, वेलची पडली आणि तो वास दिवसभर हाताला राहिला. वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारच्या तळ्याकाठी बसलो तेव्हाही, आणि 1530 साली बांधलेल्या धामापूरच्या तलावावरही. या तलावाला 2020 मध्ये जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. शेतीसाठी अडवलेलं हे पाणी बघताना सकाळचं ताट आठवलं: भात पिकवणारे हात, नारळ उतरवणारे हात, शेवगा दाबणारे हात.

दुसऱ्या दिवशी होडीनं सिंधुदुर्गावर गेलो. 1664 ते 1667 या काळात बांधलेला किल्ला, आत शिवराजेश्वराचं देऊळ आणि भर समुद्रात गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. इथंही घाई केली नाही. दुपारी मालवणात सुरमई आणि सोलकढी.

दोन दिवसांत तीन जागा पुरतात. या भागात येणार असाल तर जेवण आदल्या दिवशी सांगा, त्याचे पुरेसे पैसे द्या. आणि शिरवाळे मागितलेत, तर शेवग्याला हात लावा. दोन माणसं लागतात.