बायोस आणि यूईएफआय : संगणक सुरू होताना काय घडते?

पॉवरचे बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत जे दहा-पंधरा सेकंद जातात, त्या वेळात संगणक विंडोजच्या ताब्यात नसतो. हार्ड डिस्कवर काय आहे, किंबहुना हार्ड डिस्क जोडलेली आहे की नाही, हेही प्रोसेसरला तेव्हा ठाऊक नसते. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये कंपनीने आधीच भरून ठेवलेला प्रोग्रॅम त्याला हे सांगतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या संगणकांत हे फर्मवेअर म्हणजे बायोस, नव्यांत यूईएफआय. सवयीने आपण दोघांनाही बायोसच म्हणतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

बायोस हा शब्द १९७५ च्या सुमारास गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीबरोबर आला. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा त्याचा बायोस अवघ्या ८ केबीचा होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. बायोस आधी फॉल-इन घेतो : मेमरी हजर, कीबोर्ड हजर, डिस्प्ले हजर. कोणी गैरहजर असेल तर स्पीकरमधून बीप वाजवतो. मग डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट उचलतो, शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली खूण आहे का एवढेच पाहतो आणि सगळा कारभार त्या तुकड्याच्या हाती देतो. तुकडा कोणी लिहिला, हे तो विचारत नाही.

या ५१२ बाइटमध्ये प्रोग्रॅमसाठी जागा फक्त ४४६ बाइटची. उरलेल्यात डिस्कच्या विभागांचा तक्ता, तोही चारच मुख्य विभागांचा. हा तक्ता डिस्कवरील जागेचा क्रमांक ३२ बिटमध्ये लिहितो, म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ जागा. प्रत्येक जागा ५१२ बाइटची. गुणाकार करून पाहा, उत्तर सुमारे २.२ टीबी येते. डिस्क त्याहून मोठी असेल तर पुढचा भाग या तक्त्याला दिसतच नाही. १९८० च्या दशकात एवढी डिस्क कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्यामुळे तेव्हाच्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही.

इंटेलला १९९० च्या दशकात आपल्या इटेनियम प्रोसेसरसाठी ही जुनी चौकट अपुरी वाटू लागली, आणि त्यातून ईएफआय तयार झाले. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून यूईएफआय फोरम स्थापन केला आणि ते सर्वांचे झाले. यूईएफआयला डिस्कवरच्या फाइल वाचता येतात. डिस्कवर एक छोटा वेगळा विभाग असतो, त्यातली नेमकी फाइल उघडून ते पुढचे काम सुरू करते. विभागांचा तक्ताही नवा, जीपीटी नावाचा. त्यात साधारणपणे १२८ विभागांची सोय असते, आणि २.२ टीबीची भिंत उरत नाही. माउस चालतो, पडद्यावर चित्रे दिसतात. पण ही वरवरची गोष्ट झाली.

चित्रांवरून लखनऊचीच एक गोष्ट आठवते. मार्च २०१३ मध्ये इथल्या कॉल्विन तालुकेदार्स कॉलेजमधून उत्तर प्रदेश सरकारने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना एचपीचे लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. त्यात विंडोज आणि उबंटू दोन्ही होते. लॅपटॉप उघडला की पडद्यावर नेत्यांची छायाचित्रे दिसत आणि त्यावर वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. डेस्कटॉपवरचे चित्र कोणालाही बदलता येते. पण सुरू होतानाचा कंपनीचा लोगो साधारणतः फर्मवेअरच दाखवते, तो विंडोज पुसून पुन्हा टाकली तरी जात नाही. हा लोगो निरुपद्रवी वाटतो ना? डिसेंबर २०२३ मध्ये बायनार्ली या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले, की अनेक कंपन्यांच्या यूईएफआयमध्ये लोगोचे चित्र वाचणाऱ्या भागातच त्रुटी होत्या. मुद्दाम बिघडवलेले चित्र ठेवले, की विंडोज जागी होण्याच्या आधीच शत्रू आत. त्यांनी या त्रुटींना लोगोफेल हे नाव दिले.

म्हणजे यूईएफआय असुरक्षित आणि बायोस बरा, असे नाही. बायोसच्या काळातही १९९८ चा सीआयएच व्हायरस काही संगणकांच्या चिपमधला मजकूरच खराब करून टाकत असे, मग यंत्र सुरूच होत नसे. फरक असा, की यूईएफआयने पहारेकरी नेमला आहे. त्याचे नाव सिक्युअर बूट. पुढे येणाऱ्या प्रोग्रॅमवर डिजिटल सही आहे का आणि ती ओळखीच्या किल्लीशी जुळते का, हे तो तपासतो. नसेल तर हॉल्ट! बहुतेक संगणकांत कारखान्यातूनच मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या येतात. उबंटूसारख्या प्रणालींनाही सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रॅमवर मायक्रोसॉफ्टची सही घ्यावी लागते. आपल्या संरक्षण मंत्रालयाने उबंटूवर आधारलेली ‘माया’ प्रणाली स्वीकारल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या, तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडला : दारावरची किल्ली कोणाची? यूईएफआयच्या नियमांत मालकाला स्वतःच्या किल्ल्या बसवण्याची सोय आहे. संरक्षणाच्या कामातल्या यंत्रांत ती वापरलीच पाहिजे, असे माझे मत आहे.

आता घरगुती प्रश्न. आमच्या डॉर्मिटरीतल्या एका मित्राच्या घरचा डेस्कटॉप एके दिवशी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असे सांगून थांबला. त्यात आजोबांच्या पेन्शनची स्कॅन केलेली कागदपत्रे होती, दुसरी प्रत नव्हती. दुकानदार म्हणाला, डिस्क गेली, नवी घाला, आतले काही मिळणार नाही. मित्राने आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना विचारले. सर म्हणाले, “वडिलांना सांग, सेटिंगच्या पानावर आधी तारीख बघा.” तारीख कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली होती, त्यामुळे सेटिंग मूळपदावर, म्हणजे ‘फक्त यूईएफआय’वर गेले होते. डिस्कची मांडणी मात्र जुन्या, बायोसच्या पद्धतीची. डिस्क ठणठणीत होती, फर्मवेअर तिला चुकीच्या दारात शोधत होते. सेटिंग ‘लेगसी’वर नेले आणि विंडोज उघडली. बॅटरी पन्नास रुपयांच्या आत मिळाली. कागदपत्रे त्याच संध्याकाळी पेनड्राइव्हवर उतरवली गेली.

हा ‘लेगसी’ पर्याय नव्या संगणकांतून नाहीसा होत चालला आहे; २०२० पर्यंत तो काढून टाकण्याचा इरादा इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता. विंडोज ११ ला यूईएफआय आणि टीपीएम २.० लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरी जुना संगणक असेल तर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून एमएसइन्फो३२ टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). ‘बायोस मोड’ या ओळीत लेगसी किंवा यूईएफआय असे लिहिलेले दिसेल. लेगसी दिसले म्हणून लगेच सेटिंग बदलू नका, विंडोज उघडणार नाही. आधी डिस्कची मांडणी जीपीटीत बदलावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचे साधन आहे, ते फाइल न पुसता हे काम करते. तरी बॅकअप घेऊनच ते चालवा.