दीड एकराचा खडा

कळंब म्हटलं की बाहेरचा माणूस आधी विचारतो, 'कोणतं कळंब?' हे धाराशिवचं नव्हे. यवतमाळहून नागपूरकडे निघालं की लागतं ते, चिंतामणीचं आणि चहूबाजूंनी पऱ्हाटीच्या वावरांचं कळंब. खरिपात पीक पात्यांवर आलं की इथला शेतकरी युरियासाठी कृषी केंद्र गाठतो. गेली काही वर्षं ४५ किलोच्या चुंगडीबरोबर अर्ध्या लिटरची एक बाटलीही त्याच्यासमोर येते. नाव नॅनो युरिया. २०२१ मध्ये इफको या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेनं ती आणली तेव्हा दावा सरळ होता: एक बाटली म्हणजे एक चुंगडी.

खरंच तसं आहे का? त्यासाठी आधी त्या 'नॅनो'ची ओळख करून घ्यायला हवी.

ग्रीक भाषेत 'नॅनोस' म्हणजे बुटका. मोजमापात नॅनोमीटर हा मीटरचा अब्जावा भाग. आपलं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक नॅनोमीटर. हा परिच्छेद वाचून होईपर्यंत वीस-पंचवीस नॅनोमीटर वाढलंही असेल. कापसाचा एक तंतू डोळ्यांना धुरासारखा तलम वाटतो, पण त्याची जाडी बारा ते वीस हजार नॅनोमीटर भरते. लांबी, रुंदी किंवा जाडी १ ते १०० नॅनोमीटरच्या आत असेल तर त्या कणाला नॅनोकण म्हणायचं, असा संकेत आहे. आता कोणत्याही पुडीतले सगळे कण एका मापाचे कसे असणार? म्हणून युरोपीय आयोगानं २०११ मध्ये ठरवलं की, संख्येनं निम्मे कण या मापात बसले तरी तो नॅनोपदार्थ.

पण नुसतं बारीक असण्यात कौतुक ते काय? अख्खे धणे आणि धणेपूड यांतला फरक प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असतो. पुडीचा वास लवकर सुटतो, कारण तिचा पृष्ठभाग जास्त उघडा असतो. हेच टोकाला नेऊन पाहा. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा खडीसाखरेचा खडा घेतला, तर त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक-एक नॅनोमीटरचे चौकोनी तुकडे करता आले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६,००० चौरस मीटर. म्हणजे जवळपास दीड एकर! वजन तेवढंच, माल तोच. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडते. म्हणून नॅनोकण इतके चपळ.

चपळाईबरोबर रूपही पालटतं. सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत ठेवले की पाणी माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडेनं १८५७ मध्ये हे दाखवलं, तेव्हा 'नॅनो' हा शब्द विज्ञानात यायचा होता. एवढ्याशा कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात झुलतात आणि हिरवट रंग शोषून घेतात. उरतो तो लाल.

सोन्याची ही किमया पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं चक्क गवती चहाकडून करून घेतली. त्याच्या पातीचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला आणि सोन्याचे त्रिकोणी, पातळ नॅनोकण तयार झाले. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्याच संशोधकांनी बुरशीकडून चांदीचे नॅनोकण बनवून घेतले होते. बुरशी कोणती, तर फ्युजारियम ऑक्सिस्पोरम. तिचाच एक भाईबंद देशी कपाशीला मर रोग आणतो! यवतमाळ जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांनी बुरशी आणि चांदीच्या नॅनोकणांवर वर्षानुवर्षं काम केलं.

आता बाटलीकडे वळू. चुंगडीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. पहिल्या नॅनो युरियात ४ टक्के. अर्ध्या लिटरला २० ग्रॅम. हजारपटीचा फरक. इफकोचं म्हणणं असं की, जमिनीत टाकलेला बराच युरिया वाहून किंवा उडून जातो, पानावर पडलेला कण मात्र थेट कामी येतो. पहिलं अर्ध खरं आहे. पण पीक नत्र किलोनं उचलतं. वीस ग्रॅम शंभर टक्के कामी आले तरी वीसच. शिवाय साधा युरियाही पाण्यात विरघळला की त्याचे सुटे रेणू होतात, आणि हा रेणू एका नॅनोमीटरहून लहान असतो. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं प्रयोग केले. शिफारशीतलं निम्मं नत्र कमी करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा भाताचं उत्पादन १३ टक्के आणि गव्हाचं २१.६ टक्के घटलं.

पुढे २० टक्के नत्राची बाटली आली. तिच्यात १०० ग्रॅम नत्र. कपाशीवर फुलोऱ्यात २ टक्के युरिया फवारायची शिफारस जुनीच आहे. दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, म्हणजे ९२ ग्रॅम नत्र. बाटलीभर नत्र दोन मुठी युरियात आलं की!

म्हणून नॅनो म्हणजे थोतांड, असं मुळीच नाही. मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं सरकीवरच्या बारीक लवेपासून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प २०१५ मध्ये उभारला. कागदाला, प्लॅस्टिकला बळकटी देणारा हा पदार्थ. कळंबच्या वावरातल्या बोंडाला नॅनोचा खरा उपयोग कदाचित इथे आहे, बाटलीत नाही.

फवारणीबद्दल एक सांगायलाच हवं. २०१७ च्या खरिपात कीटकनाशकांच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसवर माणसं गेली. युरिया म्हणजे कीटकनाशक नव्हे, पण एकाच टाकीत दोन्ही मिसळण्याची सवय आहे. तेव्हा तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच.

आणि बाटली घेतलीच असेल, तर सगळ्या वावरावर फवारू नका. चार तासं नॅनोची ठेवा, शेजारची चार साध्या २ टक्के युरियाची, जमिनीतलं खत दोन्हींना सारखंच द्या आणि वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा तोला.